काशाच्या मागावर: कासारवाडी ते वसई

कासारवाडीत शांतता शोधावी लागते. एका अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या अंगाला लोहमार्ग, खांबांवरून धावणारी मेट्रो आणि नाशिक फाट्यावर भारतरत्न जेआरडी टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल. लोणावळ्याची लोकल थांबते, पाळी सुटलेली माणसं चढतात, गाडी पिंपरीकडे निघते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग भोसरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि या पट्ट्यातली गावं एकेक करून शहरात विरघळली. नावं तेवढी टिकली.

या नावात कासार आहे. कासार म्हणजे काशा-पितळेची भांडी घडवणारा आणि विकणारा. बायकांच्या हातात बांगड्या भरणाराही तोच. उन्हाळ्यात काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतलेल्यांना हा धातू चांगला आठवत असेल. चार भाग तांबं आणि एक भाग कथील, जवळपास एवढंच त्याचं गणित. कथलाचं प्रमाण असं वाढवलं की धातू ठिसूळ होतो, पण त्याचा आवाज खुलतो. ताटलीवर बोटाने टिचकी मारली तरी ती बराच वेळ गुणगुणत राहते. युरोपातल्या चर्चच्या घंटा शतकानुशतकं याच मिश्रणातून ओतल्या गेल्या.

नाशिक फाट्यावरून उत्तरेला जाणारा रस्ता धरला, तर अशा दोन घंटा वाटेत भेटतात. एक भीमाशंकरला, दुसरी नाशिकला. आज दोन्ही शंकराच्या देवळांत आहेत, आणि दोन्ही मुळात चर्चच्या मनोऱ्यासाठी घडवलेल्या. ज्या मनोऱ्यांतून त्या उतरल्या त्या चर्चचं पुढे काय झालं, आणि त्या आवाजाच्या टप्प्यात राहणाऱ्या गावांचं काय झालं, हे पाहायला निघायचं तर कासाराच्या नावाच्या वाडीतून निघणं योग्यच.

भोसरी आणि मोशी मागे पडतात, इंद्रायणी ओलांडली की चाकण येतं. नव्या गाड्या लादून निघालेल्या लांबलचक ट्रेलरच्या रांगेतून वाट काढताना इथे एक भुईकोट आहे याची कल्पनाही येत नाही. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी याच संग्रामदुर्गासमोर शाइस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली होती. पुढे राजगुरुनगर, म्हणजे जुनं खेड. तिथून डावीकडे वळलं की कारखान्यांची रांग संपते आणि रस्ता भीमेच्या काठाने डोंगराकडे सरकतो.

वाटेत चास लागतं. चास-कमान धरणामुळे हे नाव आता पाटबंधाऱ्यांच्या बातम्यांत जास्त ऐकू येतं, पण गाव त्याहून फार जुनं. सोमेश्वराचं देऊळ, दगडी दीपमाळ आणि जोशी-चासकरांचं घराणं ही त्याची ओळख. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई इथल्याच. म्हणजे ज्यांच्या मोहिमेमुळे चर्चची घंटा सह्याद्रीत पोचली, त्या चिमाजी अप्पांच्या वहिनीचं हे माहेर. घंटेच्या शोधात निघालेल्या प्रवाशाने इथे दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

चासनंतर जंगल जवळ येतं. भीमाशंकरचं अभयारण्य शेकरूसाठी राखलेलं आहे. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेणारी ही तांबूस-तपकिरी मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. देऊळ खोलगट जागी वसलेलं असल्याने दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना फुलं, पेढे आणि रानमेवा विकणाऱ्यांची दुतर्फा दाटी असते. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे स्थान. शिखराचं बांधकाम नाना फडणवीसांनी केल्याचं सांगतात. आणि देवळासमोर, शनीच्या छोट्या देवळाजवळ, ती घंटा.

दिसताक्षणी ती वेगळी वाटते. आपल्याकडची देवळातली घंटा हाताच्या टप्प्यात लटकते, गाभाऱ्यात शिरण्याआधी माणूस ती एकदा वाजवतो आणि हात जोडतो. ही घंटा त्या मापाची नाही. रुंद तोंड, भरदार खांदे, कडेला जाड ओठ. उंच मनोऱ्यात टांगून शेतांपलीकडे ऐकू जावी म्हणून घडवलेली वस्तू इथे जमिनीजवळ आली आहे. फरक आकारापेक्षा कामाचा आहे. देवळातल्या घंटेने भक्त देवाला आपण आल्याचं कळवतो. चर्चच्या घंटेने देवाचं घर गावाला बोलावतं. ती पुजारी वाजवत नाही, भाविकही नाही. गावाने ते काम एखाद्याला नेमून दिलेलं असतं, आपल्याकडच्या गुरवासारखं.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आपापल्या भागातल्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरची ही एक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर दुसरी आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियेची आकृती अजून दिसते. अडीचशेहून अधिक वर्षं ती माऊली महादेवासमोर उभी आहे. कुणी ती आकृती घासून काढली नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. लढाई कडवी झाली होती, हजारो माणसं मेली होती, तरीही वस्तू देवाला वाहिल्यावर तिच्यावरच्या परक्या देवतेला हात लागला नाही.

घंटा गावाला बोलावते म्हणजे नक्की काय करते, हे समजून घ्यायचं तर थोडं लांब जावं लागतं, थेट इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात. ही वाकडी वाट नव्हे. मराठीतल्या एका महाकाव्याचा जन्म त्या वाटेवरून झाला आहे.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापर्यंत जवळजवळ सगळी जमीन ‘पॅरिश’मध्ये वाटली गेली होती. एक चर्च, एक धर्मगुरू आणि त्या चर्चच्या हद्दीतली गावं-वाड्या, असा तो घटक. मराठी कॅथलिक त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि इतका नेमका प्रतिशब्द क्वचित सापडतो. हद्दीतल्या प्रत्येक शेतकऱ्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, धान्य असो, लोकर असो की कोकरं. बलुतेदारीशी याची तुलना पूर्ण जुळत नाही, पण खळ्यावरच वाटा निघण्याची रीत आपल्या माणसाला चटकन कळेल. इमारतीची जबाबदारीही वाटलेली होती. वेदीकडच्या भागाची, म्हणजे गाभाऱ्याची, डागडुजी धर्मगुरूने करायची आणि लोक बसतात त्या सभामंडपाची गावाने. त्यामुळे कित्येक ठिकाणी सभामंडप उंच आणि देखणा, तर गाभारा बुटका राहिला आहे. गावाकडे पैसा आला की गाव आपला भाग वाढवत असे.

घंटा हे गावाचं घड्याळ होतं. प्रार्थनेची वेळ, आग, पूर, लग्न, सगळं तिच्यातून कळे. कुणी गेलं की अनेक गावांत पुरुषासाठी तीनदा तीन आणि बाईसाठी तीनदा दोन टोले पडत, मग वयाइतके. शेतातला माणूस टोले मोजून कोण गेलं असेल ते ओळखत असे. मृत व्यक्तीचं नाव कागदावर येऊ लागलं ते त्याहून बरंच नंतर. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. आज इंग्लंडमध्ये घराण्याचा शोध घेणारा प्रत्येक जण त्या वह्यांपाशी जातो, जसे आपण नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे जुने नामावळे पाहतो.

विल्टशरमध्ये खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी क्लिफ पायपर्ड नावाचं खेडं आहे. तिथल्या सेंट पीटरच्या चर्चचं बांधकाम तेराव्या ते पंधराव्या शतकातलं. एकोणिसाव्या शतकात बटरफिल्ड या वास्तुविशारदाने त्याची डागडुजी केली. इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींची शेहेचाळीस खंडांची नोंद ज्याने केली त्या निकोलाउस पेव्हस्नरचं थडगं याच आवारात आहे. हजारो चर्च पाहून झालेल्या माणसाने शेवटी या खेड्यातली माती निवडली. या पॅरिशमधलीच एक वस्ती म्हणजे बुश्टन. तिथे सुमारे १५४९ मध्ये थॉमस स्टीफन्सचा जन्म झाला.

तेच वर्ष इंग्लंडच्या खेड्यांसाठी उलथापालथीचं होतं. १५४९ च्या जून महिन्यापासून लॅटिन उपासना बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. भिंतींवरच्या संतांच्या चित्रांना चुना फासला गेला, वेदीपुढचे लाकडी क्रूस उतरवले गेले, भांडीकुंडी आणि घंटा यांच्या सरकारी याद्या तयार झाल्या. स्टीफन्स अशा गावात वाढला जिथे चर्चची इमारत तीच होती पण आतला धर्म बदलला होता. त्याने जुना मार्ग धरला, देश सोडला, १५७५ मध्ये रोमला येशू संघात प्रवेश घेतला. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो गोव्याला पोचला. भारतात येऊन राहिल्याची नोंद असलेला तो पहिला इंग्रज.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याने सासष्टीतल्या गावांत धर्मगुरू म्हणून काढली. लोकांची जुनी पुराणं त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती, आणि त्यांच्या जागी वाचायला-गायला काही द्या, अशी मागणी होत होती. स्टीफन्सने ती मनावर घेतली. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ते रोमन लिपीत छापलं गेलं, पण भाषा मराठी आणि घाट पुराणाचा. शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यातून १९५६ साली निघाली. विल्टशरच्या पॅरिशमधल्या मुलाने या काव्यात मराठीचं कौतुक इतक्या जिव्हाळ्याने करावं, याचं एक कारण त्याच्या गावातही शोधता येईल: परक्या भाषेतली प्रार्थना जाऊन लोकांच्या भाषेतली आली, त्या काळात तो लहानाचा मोठा झाला होता.

इंग्रजी पॅरिशची घंटा कशी वाजते हे ऐकायला मात्र विल्टशर गाठायची गरज नाही. कासारवाडीहून लोकलने पुण्याला जावं आणि पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाचा मनोरा पाहावा. १८८५ सालच्या या चर्चशेजारच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत. प्रत्येक घंटा चाकावर बसवलेली, प्रत्येकीला दोर. दोर ओढला की सबंध घंटा पूर्ण गिरकी घेते आणि आठ माणसं ठरलेल्या क्रमाने त्या फिरवतात. भारतात अशी रचना अगदी मोजक्या ठिकाणी आहे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आणखी एक. पुणेकरांना पंचहौद आठवतं ते १८९० च्या चहाच्या ग्रामण्यासाठी, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या नावांसकट. मनोऱ्याकडे मान वर करून पाहणारे थोडे.

भीमाशंकरहून पुन्हा नाशिकचा रस्ता धरायचा. मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. नाशिकला पंचवटीत रामकुंडाजवळ गोदेच्या काठावर रामेश्वराचं देऊळ आहे, पण ते नाव कुणी घेत नाही. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं म्हणून ते नारोशंकराचं देऊळ. चारही बाजूंनी तट आणि पुढच्या भिंतीच्या मधोमध, कमानीत, नदीकडे तोंड करून टांगलेली घंटा. तिच्यावर १७२१ हे वर्ष कोरलेलं आहे. म्हणजे लढाईच्या अठरा वर्षं आधी ती कुठल्यातरी चर्चसाठी ओतली गेली. पुराचं पाणी कुठवर चढलं हे सांगताना जुने नाशिककर दुतोंड्या मारुतीबरोबर या घंटेचं नाव घेतात. गावाला धोक्याची खूण सांगण्याचं घंटेचं जुनं काम इथे नदीने पुढे चालू ठेवलं.

नाशिकहून कसारा घाट उतरून भिवंडी, आणि तिथून वज्रेश्वरीमार्गे वसई. वज्रेश्वरीला थांबायला हवं, कारण मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी वसई पडली तर देवीचं देऊळ बांधीन असा नवस इथे केला होता. तो फेडला गेला. किल्ल्यासारखं प्रवेशद्वार आणि भक्कम तट असलेलं हे देऊळ वसईच्या सुभेदारीतल्या शंकराजी केशव फडक्यांनी उभारलं.

वसईचा किल्ला गाठेपर्यंत दुपार होते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं राहिलं. शंभर एकरांहून मोठ्या आवारात वडा-पिंपळांची मुळं भिंतींत शिरली आहेत. छपरं नाहीत, कमानी आहेत. फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी, येशू संघीयांचं चर्च, डॉमिनिकनांचं चर्च, आणि बंदराकडे सेंट जोसेफचा मनोरा. त्याच्या आतला गोल जिना डोक्यावर आकाश घेऊन वर चढतो. घंटा याच कुठल्यातरी मनोऱ्यांत होत्या. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा पडला, मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सॅबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं आणि १६ मे रोजी किल्ला शरण आला.

या कहाणीची काळी बाजू लपवू नये. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली, गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाची दहशत बसली, आणि वसईच्या मोहिमेमागे उत्तर कोकणातल्या हिंदूंची गाऱ्हाणीही होती. घंटा नेणाऱ्यांच्या मनात केवळ काशाची किंमत नव्हती.

पण किल्ल्याच्या बाहेर पडलं की इतिहास वेगळीच वाट घेतो. भिंतींच्या आतली शहरी चर्च मोडली; कारण त्यांचे लोक, पोर्तुगीज सरदार, व्यापारी आणि गोरे धर्मगुरू, किल्ला पडल्यावर निघून गेले. भिंतींच्या बाहेरची गावातली चर्च टिकली. सांडोर, पापडी, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी: यांपैकी बहुतेक धर्मग्राम सोळाव्या शतकातले. लोक इथलेच होते, शेती-बागायती करणारे, मासे पकडणारे, ज्यांना कुठे निघून जायचं नव्हतं. नव्या राज्यात त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली, आणि गोऱ्या धर्मगुरूंच्या जागी एतद्देशीय धर्मगुरू आले. इमारती पुढे पुन्हा पुन्हा बांधल्या गेल्या. आज दिसणारे पांढरे दर्शनी भाग बरेचसे अलीकडचे आहेत. जुनी आहे ती जागा, आणि जुना आहे तो धर्मग्राम.

रमेदी हे नावच पाहा. औषध, उपाय या अर्थाचा पोर्तुगीज शब्द ‘रेमेदियो’. आरोग्यमातेच्या चर्चमुळे गावाचंच नाव रमेदी पडलं. इंग्लंडमध्येही चर्चवरून गावांची नावं पडली आहेत. भाषेत असा किती ऐवज शिल्लक आहे ते सहज लक्षात येत नाही: पाद्री, पाव, चावी, बटाटा, काजू, अननस. कासारवाडीतला कामगार महिन्याच्या सुरुवातीला ज्याची वाट पाहतो तो पगारसुद्धा पोर्तुगीजच.

रविवारी सकाळी या गावांतून फिरावं. केळीच्या बागा आता इमारतींनी कुरतडल्या आहेत, तरी राजेळी केळ्यांची सुकेळी अजून मिळतात. गल्लीच्या तोंडावर क्रूस, त्याला झेंडूची माळ. सामवेदी घरांतली जुनी बाई लाल लुगडं नेसून मिस्सेला निघते आणि नातवाशी कादोडी बोलीत बोलते. आत उपासना मराठीत, गाणी मराठीत, प्रवचन मराठीत. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतली उपासना मोकळी केली, त्याआधी वेदीवरची भाषा लॅटिन होती. म्हणजे विल्टशरमध्ये १५४९ साली हुकमाने आलेली गोष्ट वसईत चारशेहून अधिक वर्षांनी आली, आणि आली ती लोकांना हवी म्हणून.

वसईच्या या धर्मग्रामांनी दिलेली दोन माणसं इथे सांगायलाच हवीत. गोन्सालो गार्सिया सुमारे १५५६ मध्ये वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशू संघीयांकडे शिकला, त्यांच्यासोबत जपानला गेला, पुढे मकावला व्यापार केला आणि १५८८ मध्ये मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांसोबत त्याला क्रूसावर देण्यात आलं. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत, आणि त्याचा वार्षिक सण आजही किल्ल्याच्या पडक्या भिंतींत भरतो. त्या दिवशी बिनछपराच्या चर्चमध्ये पुन्हा गर्दी होते.

दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, नंदाखालचे. १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन त्यांनी केलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा वसईतल्या हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्याच घरांतली माणसं अखेरच्या दर्शनाला आली. स्टीफन्सने रायतूरच्या छापखान्यात सुरू केलेली गोष्ट या माणसाने वसईत आपलं सबंध आयुष्य देऊन चालवली.

कारभाराच्या कागदांवर ही गावं बरीच फिरली. १८८६ मध्ये दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये तो रद्द होऊन मुंबईकडे आली, आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचं चर्च त्याचं मुख्य चर्च. पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच सुपुत्र आणि तुकारामांच्या अभंगांचे अभ्यासक. २००९ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. देहू-आळंदीच्या वाटेवरची कासारवाडी तेव्हा त्यांच्याच धर्मप्रांतात आली.

परतीच्या प्रवासात एक थांबा अजून उरतो. वसई रोडहून लोकलने अंधेरी, तिथून पूर्वेला मरोळ. सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआड, दागिन्यांच्या आणि संगणकाच्या कारखान्यांच्या मध्ये, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च उभं आहे. येशू संघीयांनी ते १५७९ मध्ये बांधलं, ज्या वर्षी स्टीफन्स गोव्याला उतरला त्याच वर्षी. कोंडिवटे आणि आसपासच्या पाड्यांचा हा धर्मग्राम. १८४० मध्ये साथ आली, गाव उठलं आणि लोक मरोळला सरकले. तिथे त्यांनी नवं चर्च उभारलं. जुन्या चर्चला छप्पर राहिलं नाही; दर्शनी भिंत, कमानी आणि वेदीच्या मागची जागा उरली. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि चर्च कुंपणाच्या आत गेलं.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातून आलेल्या प्रवाशाला हे दृश्य ओळखीचं वाटतं. कारखान्याच्या भिंतीला लागून म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड, पार्किंगच्या कोपऱ्यात गावदेवीचं देऊळ, जत्रेपुरती सोडलेली वाट. जमीन संपादन झाली, सातबाऱ्यावरची नावं बदलली, पण दैवत कुठे आहे ते गावाला माहीत असतं. मरोळच्या मूळ ख्रिस्ती लोकांनाही ते माहीत आहे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांच्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, पण घरात बोलली जाते ती मराठीच.

एरवी पासाशिवाय सीप्झमध्ये शिरता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या भग्न चर्चमध्ये मिस्सा होते आणि त्या दिवशी फाटक गावकऱ्यांसाठी उघडतं. म्हाताऱ्यांना आधार देत, पोरांचे हात धरून लोक आत येतात. जिथे वेदी होती तिथे मेज मांडून पांढरं कापड अंथरलं जातं, छपराच्या जागी आभाळ असतं, आणि पणजोबांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या दगडी जमिनीवर खुर्च्यांच्या रांगा लागतात. उपासना संपली की माणसं लगेच निघत नाहीत. कमानींखाली घोळक्याने उभी राहतात, कुणाचं घर कुठे होतं ते पोरांना बोट करून दाखवतात. मग खुर्च्या उचलल्या जातात, फाटक मिटतं, आणि सोमवारी सकाळी पहिल्या पाळीची माणसं पास दाखवत त्याच वाटेने आत जातात.